उंबऱ्याबाहेरची क्रियापदं

"आय गो टु द डोअर."

मी दाराकडे गेले.

"आय ओपन द डोअर."

दार उघडलं.

"आय गो आउट."

मी बाहेर व्हरांड्यात गेले. मागून दहा पोरांनी एका सुरात आरोळी ठोकली, "टीचर गोज आउट!" मी वळले. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. आय कम इन. पाऊल उचललं, आणि दारात माई उभ्या. एक हात चौकटीवर आडवा धरलेला. दुसऱ्या हातात पोस्टकार्ड.

"बाई, आता तिथूनच शिकवा," त्या म्हणाल्या.

मला कळलंच नाही. मी हसलेसुद्धा. वाटलं, घरच्या मालकीणबाई आज आमच्या खेळात सामील झाल्या. सतरंजीवर पोरं वाट बघत होती. सात वर्षांची नलू, माईंचीच मुलगी, मला विसर पडला असं समजून ओरडली, "टीचर, कम इन बोला ना! कम इन!"

"ती आत येणार नाही," माई म्हणाल्या.

मघाशी मी 'बाई' होते. दुसऱ्या वाक्याला 'ती' झाले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुझं गाव कळलं आम्हाला. आणि गावातलं घर कुठे आहे तेही कळलं."

माझी पिशवी आत खुर्चीपाशी होती. माईंनी ती उचलून दिली नाही. फळ्यावरचे शब्द दाखवायला मी एक लाकडी पट्टी वापरायची. त्या पट्टीने त्यांनी पिशवी ढकलत ढकलत उंबऱ्यापर्यंत आणली आणि बाहेर लोटली. पिशवी उपडी झाली. खडू व्हरांडाभर घरंगळले. मी खाली बसून ते वेचले. दहा पोरं बघत होती. मी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही. बघायला हवं होतं. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो माईंवर कमी, माझ्यावर जास्त.

आम्ही महार. आबा साताऱ्याकडचे. पलटणीबरोबर कलकत्त्याजवळ बराकपूरला आले, नोकरी संपल्यावर तिथेच छावणीत एका मेसवर पहारेकरी म्हणून राहिले. माझा जन्म तिथला. गाव मी पाहिलेलं नाही. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले, रस्त्यावर हिंदी आणि बंगाली. मराठी मात्र आबांनी मला स्वतः शिकवली नाही. पलटणीत जवानांना लिहायला-वाचायला शिकवणारे एक पुण्याकडचे मास्तर होते. आबांनी मला त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. "माजी बोली माज्यापाशी ऱ्हाऊ दे. ही पुस्तकातलं बोलंल," असं त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी माझी जात विचारली नाही, त्यांना ती ठाऊकच होती. मुकाट्याने शिकवलं. मी घरात पुस्तकातलं बोलायला लागले तसे आबा माझ्याशी कमी बोलायला लागले. लेकीसमोर आपला शब्द वेडावाकडा पडेल याची त्यांना लाज वाटायची. हे मला फार उशिरा समजलं.

त्या पुस्तकी मराठीनेच सगळा घोटाळा केला. कलकत्त्यात मराठी माणसं मूठभर. त्यांच्या घरात जन्मलेल्या पोरांना मराठी धड येत नाही. अशात एखादी मुलगी 'आणि', 'पाणी' मधला ण नीट म्हणते, म्हणजे ती आपल्यातलीच, असं त्यांनी धरून चाललं. मला कुणी काही विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. का सांगावं? इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईने आधी जात सांगायची असते का?

माईंचे यजमान बदलीवर आलेले मोठे सरकारी अधिकारी. गार्डन रीचला बंगला, मागे नदी. त्या भागातल्या मराठी घरांतल्या दहा मुलांना इंग्रजी शाळेत प्रवेश हवा होता. डिसेंबरच्या शेवटी तोंडी परीक्षा. मुलांना इंग्रजीत साधं 'मी बसतो', 'मी उठतो' म्हणता येईना. म्हणून माईंच्या दिवाणखान्यात वर्ग सुरू झाला आणि मिशनच्या ओळखीने मी तिथे पोचले.

माझी पद्धत मिशनच्या म्हाताऱ्या मिसबाईंची. क्रियापद पाठ करायचं नाही. करायचं आणि करता करता म्हणायचं. पुस्तक उचलत 'आय टेक', शेजाऱ्याच्या हातात देत 'आय गिव्ह', पाणी पीत 'आय ड्रिंक'. अंगाला कळलं की जीभ आपोआप वळते. पोरं खूष. घरभर धडा चालायचा. कपाट उघड, खिडकी लाव, खुर्चीवर बस, खुर्चीवरून ऊठ. माई तर हरखल्या होत्या. "अगंबाई, किती छान बोलता हो! अगदी आमच्या पेठेतल्यासारखं. नाहीतर आमची ध्यानं बघा, नुसती बंगाली-हिंदीची खिचडी."

नवरात्रात त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. शेजारी बसवून घेतलं. ओटी भरता येईना, मी कुमारिका, म्हणून हातावर खडीसाखर ठेवली. त्यांचा हात माझ्या हाताला लागला होता, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. गप्पांत त्यांनी विचारलं, "मूळ गाव कुठलं हो तुमचं?" मी गावाचं नाव सांगितलं. खरं तेच सांगितलं.

त्यांचं माहेरचं कुणी त्या गावाच्या जवळपास राहत होतं. मला स्थळ बघून द्यावं, एवढ्या प्रेमाने माईंनी त्यांना लिहून माझ्या घराण्याची चौकशी केली. मोठ्या हौसेने. आणि हजारभर मैलांवरून ते पोस्टकार्ड आलं. त्या आडनावाचं घर गावात नाही, गावाबाहेर आहे, एवढाच त्यात मजकूर. टपालवाला ते टाकून गेला तेव्हा मी आत शिकवत होते, आय गो टु द डोअर.

त्या दिवशी मी तिथून निघून जायला हवं होतं. गेले नाही.

खडू वेचून झाल्यावर माई म्हणाल्या, "परीक्षा दीड महिन्यावर आलीय. मुलांचं नुकसान नको. तू व्हरांड्यात उभी राहा, मुलं आत बसतील. आवाज येतो नीट. आणि आमच्या वस्तूंना हात न लावता शिकव." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेबांनी त्या शाळेतल्या जागेबद्दल शब्द टाकायचं कबूल केलंय ना? ते काही मागे घेत नाही मी. माणुसकी आहे आम्हाला."

जागा म्हणजे नव्या सरकारी शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याची. कायमची नोकरी. साहेबांच्या पत्राशिवाय ती मिळणं कठीण. आबांचे डोळे अधू होत चालले होते, पहाऱ्याचं काम किती दिवस टिकेल सांगता येत नव्हतं. मला ती जागा हवी होती. फार हवी होती. आणि माईंना ते पक्कं ठाऊक होतं.

मी "बरं" म्हणाले.

किती सहज निघालं तोंडातून. बरं.

बराकपूरहून गाडीने सियालदा. तिथे फाळणीत घरदार सोडून आलेली माणसं फलाटावरच चुली मांडून बसलेली, त्यांच्या चटयांमधून वाट काढत बाहेर. मग ट्राम, पुन्हा खिदिरपूरची ट्राम, मग बस. एवढं सगळं करून मी व्हरांड्यातल्या खांबाशी जाऊन उभी राहायची. वाटेत माझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या बायकांपैकी कुणाला विटाळ होत नव्हता. नदीवरून गार वारा यायचा. मी शाल घट्ट ओढून आतल्या पोरांना ओरडून वाक्यं सांगायची.

आणि मग मी जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही. पण तेच सांगण्यासाठी हे सगळं सांगतेय.

माझ्या वहीत क्रियापदांची यादी होती. मला जे करून दाखवता येत नाही ते मी त्यातून खोडायला लागले. 'कम इन' खोडलं. 'सिट' खोडलं, खुर्ची आत होती. 'ओपन' आणि 'शट' त्यांच्या कपाटाचं, म्हणून खोडलं. 'टेक', 'गिव्ह', 'टच', 'ड्रिंक'. एकेक करून. उरलं काय? गो, स्टँड, लुक, स्पीक, वेट. खांबाशी उभ्या असलेल्या बाईला करता येतील तेवढीच. मी खांबाशी हात बांधून उभी राहायची आणि म्हणायची, "आय स्टँड. आय वेट." आतून दहा आवाज म्हणायचे, "आय स्टँड. आय वेट." मला कुणी सांगितलं नव्हतं यादी खोडायला. माईंना यादी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. ते माझं मीच केलं. स्वतःच्या हाताने, लाल शाईने.

राज्यघटना लागू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. अस्पृश्यता नष्ट केली आहे, हे मिसबाईंनी वर्तमानपत्रातून मला वाचून दाखवलं होतं. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता मी वहीत ती परत लिहून काढत होते.

एक दिवस नलू दारापर्यंत आली. "टीचर, तुमी आत का नाही येते? दरवाजा तो खुला आहे."

मी म्हणाले, "मला इथे बरं वाटतं. वारा येतो."

ती विचार करून म्हणाली, "पण तुमाला तो थंडी वाजते."

मी तिला जागेवर जाऊन बसायला सांगितलं. सात वर्षांच्या मुलीशी खोटं बोलले.

घरी आबांनी विचारलं, "तोंड का उतारलंय? कुनी काय बोललं?" मी म्हटलं, प्रवासाने दमते. ते म्हणाले, "जागंचं पत्र मिळूस्तर जरा कळ काढ." त्यांना काय झालं ते ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी बरोबर हेच सांगितलं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. कळ काढली. मला त्यांची दया आली आणि त्या दयेची चीडही आली. रात्रभर कूस बदलत राहिले.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी माईंनी सगळ्या आयांना बोलावलं. मुलांची तयारी ऐकायची होती. साहेबही घरी होते, शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत. दिवाणखान्यात सात-आठ बायका, हातात चिवड्याच्या बशा. मी बाहेर, खांबाशी.

"नलू, तू आधी दाखव," माई कौतुकाने म्हणाल्या.

नलू उठली. मोठ्याने म्हणाली, "आय गो टु द डोअर." दाराकडे आली. "आय ओपन द डोअर." दार पूर्ण उघडलं. हे दोन्ही तिला पहिल्या दिवसांपासून येत होतं. "आय गो आउट." बाहेर आली. आणि माझ्या शेजारी, अगदी माझ्यासारखे हात बांधून उभी राहिली. "आय स्टँड. आय वेट."

मग थांबली. तिच्या दृष्टीने धडा पूर्ण झाला होता.

आतून टाळ्या पडल्या. पाठोपाठ दुसरा मुलगा उठला. तोही बाहेर आला, हात बांधून उभा राहिला. तिसरी. चौथा. मला ओरडून थांबवता आलं असतं. थांबवलं नाही. बघता बघता दहाच्या दहा मुलं व्हरांड्यात, ओळीने, हात बांधून. आय वेट, आय वेट, आय वेट. आत नुसत्या आया आणि बशा.

एक बाई हसून म्हणाल्या, "अहो माई, सगळी बाहेरच राहिली की!"

"या रे आत," माई म्हणाल्या. "कम इन! कम इन म्हणा आणि या!"

मुलांनी माझ्याकडे बघितलं. एक जण म्हणाला, "टीचर तो येत नाही. मग आमी कसं येणार?"

कुणी त्यांना हे शिकवलं नव्हतं. त्यांनी महिनाभर बघितलं होतं. बाहेर गेलेलं माणूस बाहेरच राहतं, एवढं ती न सांगता शिकली. आणि ते शिकवणारी मी होते. माई नाही, मी. ही दहा पोरं मोठी होतील, साहेब होतील, आणि त्यांना वाटेल हे असंच असतं, कारण आमच्या बाईही अशाच उभ्या राहायच्या, एक शब्द न बोलता.

माई दारात आल्या. चेहरा लाल. "हे असलं काय शिकवून ठेवलंस?"

"जे मला करायला लावलंत ते," मी म्हणाले.

"वर तोंड करून बोलतेस?"

"हो."

मी धीट नव्हते, कुणी तसं समजू नये. पण आता उभं राहवेना. मी पाऊल उचललं.

"खबरदार!" माई म्हणाल्या.

"आय कम इन," मी म्हणाले, आणि सरळ पुढे चालत गेले.

माझा पदर लागेल म्हणून माई झटक्यात बाजूला झाल्या. त्यांनीच वाट दिली. मागून दहा आवाज, "टीचर कम्स इन! वी कम इन!" पोरं माझ्या मागोमाग आत घुसली. मी खुर्चीवर बसले. "आय सिट." पोरं सतरंजीवर बसली. बायकांनी पदर आवळून घेतले, बशा उचलल्या, भिंतीला चिकटल्या.

"काढा हिला बाहेर!" माई ओरडल्या.

कोण काढणार? मला बाहेर काढायचं तर मला हात लावावा लागणार होता. हे त्यांच्याही ध्यानात आलं, माझ्याही, त्याच क्षणी. दरवानाला हाक मारली. तो बिहारचा, गळ्यात जानवं. उंबऱ्यापाशी आला, काय प्रकार आहे ते ऐकलं आणि तिथेच अडकून उभा राहिला. म्हणाला, "हम कैसे छुएँगे, माईजी?" साहेब वर्तमानपत्र हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. एवढी माणसं, आणि माझ्या मनगटाला धरेल असं एकही नाही. मला हसू आलं. खरंच आलं. ज्या विटाळाने त्यांनी मला बाहेर ठेवलं, त्यानेच त्यांचे हात बांधले होते.

मी धडा पूर्ण केला. घाई केली नाही. कपाट उघडलं, लावलं. पुस्तक घेतलं, नलूच्या हातात दिलं. टेबलाला हात लावला. सुरईतलं पाणी पेल्यात ओतून प्याले. प्रत्येक गोष्ट करताना मोठ्याने म्हटलं आणि मुलांनी माझ्यामागून म्हटलं, केलं. खोडलेली सगळीच्या सगळी. मुलं परीक्षेला अर्धी तयार होऊन जाणार होती, ती पूर्ण करून दिली. मग उठले, पिशवी घेतली आणि निघाले. नंतर त्यांनी मुलांना आंघोळी घातल्या असतील, खोली धुतली असेल. धुवू दे.

बसच्या थांब्यावर साहेब मागून आले. दम लागला होता. माणूस वाईट नव्हता, म्हणूनच सांगते.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "ती जुन्या वळणाची आहे. तुम्ही चांगलं शिकवता, मी ऐकत असतो. पत्र मी देईन. फक्त एक करा. अर्जात मूळ गाव लिहू नका. जन्म कलकत्त्याचा, एवढं पुरे. तुमच्या बोलण्यावरून कुणाला शंकासुद्धा येणार नाही."

कोपऱ्यावर बस दिसत होती. मनात सगळं एकदम आलं. आबांचे डोळे. कायमची नोकरी. आणि पुन्हा एखाद्या नवरात्रात कुणी शेजारी बसवून गाव विचारील, पुन्हा कुठून तरी पोस्टकार्ड येईल, त्याच्या भीतीत काढायची सगळी वर्षं.

"मग तुम्हीच पत्रात लिहा," मी म्हणाले. "ही मुलगी महार आहे आणि चांगली शिकवते. दोन्ही लिहा. लिहिता का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं कसं लिहिता येईल?"

"मग नको."

घरी आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता खायाचं काय?" मला वाटलं होतं, शाबास म्हणतील. म्हणाले नाहीत. पाठ फिरवून बसले. मी त्यांची समजूत घातली नाही, त्यांनी माझी घातली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. गाव लिहिलं, जात लिहिली, अक्षर मोठं काढलं. त्या अर्जाला उत्तर आलं नाही. पुढच्या दोन अर्जांनाही नाही. मी लिहीत राहिले आणि तोवर छावणीमागच्या वस्तीतली पोरं गोळा करून शिकवायला लागले, मोचीकाम करणाऱ्यांची, झाडूवाल्यांची, बराकपूर स्टेशनच्या फलाटावर राहणाऱ्यांचीही. थोड्याच दिवसांत बाबूलोकांची मुलंही यायला लागली, कारण त्यांनाही इंग्रजी हवंच होतं.

तेव्हापासून माझा एकच शिरस्ता आहे. पहिल्या दिवशी, पहिल्या क्रियापदाच्या आधी, आयाबाप समोर असतानाच मी सांगते. मी महार आहे. मी तुमच्या मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेणार आहे. ज्याला हे चालत नसेल त्याने आपलं मूल उचलावं आणि चालू लागावं, आत्ताच्या आत्ता. काहीजण उठतात. मी त्यांना थांबवत नाही, आणि त्यांच्यासाठी वहीतला एकही शब्द कमी करत नाही.